सतरा नंबरची नळी

३ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला आठवडा संपला. या प्रयोगशाळेत खरं काम दोघंच करतात, मी आणि सेंट्रीफ्यूज, म्हणजे रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र. बाकीचे चहाचा कप कोणाचा यावर चर्चा करतात.

काम मात्र असं आहे की त्यासाठी आयुष्य वेचावं. बायपोलर आजारात माणूस काही आठवडे जमिनीवर नसतो आणि मग काही महिने अंथरुणातून उठत नाही. तो ओळखायला आजही डॉक्टरला समोर बसून विचारावं लागतं, झोप किती, बडबड किती. रक्तातली साखर मोजतात तसा हा आजार मोजता आला तर? आमच्याकडे एक प्रथिन आहे जे रुग्णांच्या रक्तात वाढलेलं दिसतं. सर म्हणाले, "हा आजार म्हणजे कुलूप. इतकी वर्षं सगळे दार ठोठावत बसले. आपण किल्ली शोधतोय." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

सरांखालोखाल एक गृहस्थ आहेत, अकरा वर्षं इथेच. गळ्यात म्हणे बारा महिने मफलर, म्हणून मी मनात त्यांना मफलरच म्हणते. काहीही विचारलं की "बघू" म्हणतात. आजवर काय बघितलंय कोणास ठाऊक. अशी माणसं विज्ञानात का येतात? पोस्टात का जात नाहीत?

६ फेब्रुवारी

आज संध्याकाळी बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानावरून घरी येताना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमची मुलगी डोक्याच्या आजाराची किल्ली शोधतेय. बाप कुलपाच्या किल्ल्या करतो, मुलगी डोक्याच्या." किती स्वस्त वाक्य. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी काच लावून दुकानात टांगलंय, कोऱ्या किल्ल्यांच्या फळीशेजारी. आमच्या घराण्यातली पहिली पदवी, आणि तिला शेजार कोणाचा, तर सायकलच्या कुलपांचा.

सध्या त्यांना उत्साहाचं भरतं आलंय. मी जागी होते तेव्हा घरातच कानशीचा आवाज सुरू झालेला असतो. ज्यांना कुलूपच नाही अशा किल्ल्या करतायत, शेकड्यांनी. म्हणे, "जगातलं कुठलंही कुलूप यातल्या एकीनं उघडेल." सगळ्यांशी बोलतात, सगळ्यांना हसवतात, सगळ्यांना फुकटात कामं करून देण्याचं वचन देतात. आणि गेल्या वर्षी हेच अडीच महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. पाठ धरली म्हणे. एक्सरे मी स्वतः पाहिला, पाठीत काही नव्हतं. आळस एक्सरेत दिसत नाही.

आईबद्दल तर काय लिहायचं. रोज सकाळी उठली की आधी बाबांच्या चपला बघते. एक दारात, एक मोरीपाशी, तर उभी राहून बघत बसते, जणू तिथे काही छापलंय. मी म्हटलं, "अगं उचलून जागेवर ठेव की." तर म्हणाली, "राहू देत. तू आवर तुझं."

११ फेब्रुवारी

निरोगी माणसांचं रक्त कमी पडतंय. रुग्ण वॉर्डात भरती असतात, ते मिळतात. निरोगी माणसाला मात्र सुई म्हटली की कामं आठवतात. शेवटी सरांनी फतवा काढला की कर्मचाऱ्यांनीच द्यावं. बाकीचे दहा वाजता प्रयोगशाळेत एकेक करून बसले, शूर सैनिकांसारखे बाही वर करून. मफलरनं सुई बघून डोळे मिटून घेतले.

माझं सकाळीच झालं होतं. वॉर्डात नमुने कसे घेतात ते शिकायला मी सहाला गेले होते. सिस्टरनं रुग्णांबरोबर माझंही रक्त काढलं आणि माझी नळी त्याच रॅकमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. या बाई पन्नाशीच्या आहेत. एक जाडजूड रजिस्टर बाळगतात आणि प्रत्येक सुईची वेळ त्यात लिहितात. आमच्या फॉर्मवर वेळ छापूनच येते, साडेनऊ. मी म्हटलं, "सिस्टर, हे दोनदा कशाला?"

"तुमचं तुम्ही छापा," त्या म्हणाल्या. "मी घड्याळ बघून लिहिते."

काही लोकांना कागद काळे केल्याशिवाय पगार घेतल्यासारखं वाटत नाही.

मग फॉर्म भरला. प्रश्न नववा, कुटुंबात कोणाला मानसिक आजार? मी 'नाही'वर खूण केली. सिस्टर बघत होत्या. "जरा विचार करून भर गं. इथे सगळेच तिथे 'नाही' मारतात."

आमच्या घरात आजारी पडेल इतकं मन आहे कोणाला? हे अर्थात मी मनातच म्हटलं.

२ मार्च

निकाल आला. अडतीस रुग्ण, चाळीस निरोगी. मफलरनं सगळ्या नळ्यांना नवे नंबर देऊन यादी पाकिटात बंद केली होती, म्हणजे मोजणाऱ्याला कोणाचं रक्त ते कळू नये. मोजणारी मीच. मोजून झाल्यावर फक्त निरोगी आणि रुग्ण एवढंच उघड केलं. आलेख पडद्यावर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वर सगळे रुग्ण, खाली सगळे निरोगी, मध्ये रिकामी पट्टी.

आणि एक निरोगी वर, रुग्णांच्या घोळक्यात. सतरा नंबर.

सर म्हणाले, "हा एक ठिपका माझं भाषण खाईल. वीस तारखेला परिषद आहे. पाकीट उघड, सतरा कोण ते बघ आणि त्याला बाहेर काढायला सबळ कारण शोध."

"कारण काय असणार सर," मी म्हटलं. "फॉर्मवर खोटं लिहिलं असेल. नवव्या प्रश्नाला लोक लाजतात. स्वतःच्या घरात काय चाललंय ते ज्यांना दिसत नाही, त्यांनी निरोगी म्हणून रक्त द्यायला येऊच नये."

सर हसले. मफलर म्हणाले, "बघू."

मला वाटतं सतरा म्हणजे मफलरच.

४ मार्च

पाकीट उघडलं. सतरा मी आहे.

५ मार्च

काल रात्री सात तास दहा मिनिटं झोपले. बोलण्याचा वेग नेहमीचाच वाटतो, पण स्वतःला कसा कळणार? गेल्या महिन्यात मी एका दिवसात साठ नळ्या मोजल्या होत्या आणि दमले नव्हते. तेव्हा त्याला मी कर्तबगारी म्हणत होते. सगळे मला मूर्ख वाटतात, हेही एखादं लक्षण असेल का? की ते मूर्ख आहेतच?

सरांना सांगितलं, शोध चालू आहे. आयुष्यातलं पहिलं खोटं नव्हे, पण शास्त्रातलं पहिलं.

७ मार्च

पद्धतशीर जायचं ठरवलं. आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो, म्हणून आधी घराणं तपासून मोकळं व्हावं. आई गिऱ्हाइकाच्या पडद्याला टीप घालत होती. मी विचारलं, आपल्याकडे कोणाला कधी डोक्याचा त्रास होता का. मशीनचं चाक थांबलं.

"कोणी विचारलंय?"

"कामासाठी हवंय."

ती उठली. कपाटातून शिलाईचा डबा काढला, त्यातून गोळ्यांची एक अर्धी पट्टी. माझ्या लहानपणापासून ती पट्टी त्या डब्यात असायची. पाठीच्या गोळ्या. मी दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्यांवरची लेबलं वाचते. ही पट्टी कधी उलटी करून पाहिली नव्हती. लिथियम. बायपोलरचं औषध.

"तू व्हायच्या आधीपासून," आई म्हणाली. "दोन वर्षं झाली, घेत नाहीत. म्हणतात, बरा झालो, आता कशाला."

"मला सांगितलं का नाही?"

"तुझी परीक्षा झाली की सांगू म्हणत होतो." तिनं पडद्याचा दोरा दातानं तोडला. "तुझ्या परीक्षा संपल्याच नाहीत गं."

मी तिथून उठले. फार संताप आला होता. शिकलेलं एकच माणूस घरात, आणि त्यालाच कळू द्यायचं नाही? हा काय शहाणपणा? आणि नंतर लक्षात आलं, लपवलेलं काहीच नव्हतं. किल्ल्या फळीवर टांगलेल्या होत्या, शेकड्यांनी. भिंत होती. अडीच महिने होते. एक्सरे मीच उजेडात धरला होता.

९ मार्च

फॉर्म दुरुस्त केला. नवव्या प्रश्नापुढे 'नाही' खोडून 'आहे, वडील' लिहिलं, सही केली आणि सरांसमोर ठेवला. म्हटलं, सर, सतरा मी आहे, खोटं मीच लिहिलं, अजाणता. काय वाट्टेल ते ऐकायची तयारी होती.

सरांचा चेहरा उजळला. अक्षरशः. "मग प्रश्नच मिटला. घरात इतिहास आहे, म्हणजे नियमानं सतरा बाहेर. आणि खरं सांगू? तू तर आपला सगळ्यात सुंदर पुरावा आहेस. आजार वर आलेला नाही आणि रक्त आधीच बोलतंय."

मग कपाटातून बिस्किटं काढून मला दिली. सरांकडे पाहुण्यांची वेगळी बिस्किटं असतात, ती.

"वेळेवर दाखवून घे हं स्वतःला," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. ते पडद्यावरचा सतरा नंबरचा ठिपका पुसत होते.

१० मार्च

पुन्हा एकदा रक्त तपासून बघावं म्हणून सहाला सिस्टरकडे गेले. का, ते त्यांनी विचारलं नाही. "आधीचं कधी घेतलेलं?" म्हणत रजिस्टर उघडलं. "हे बघ. अकरा तारीख, सहा दहा."

सहा दहा. मी ते बोट ठेवून वाचलं. प्रयोगशाळा साडेनऊला उघडते. नळ्या सेंट्रीफ्यूजमध्ये जातात पावणेदहाला. माझं रक्त साडेतीन तास खिडकीत उभं होतं.

"सिस्टर, रुग्णांचं रोज सहालाच घेता?"

"मग कधी घेणार? आठला डॉक्टरांचा राउंड असतो."

"आणि तोवर नळ्या?"

"कट्ट्यावर. तुमचा माणूस येईपर्यंत. दोनदा लेखी कळवलंय, लवकर न्या म्हणून."

अडतीसच्या अडतीस रुग्ण सहाला. निरोगी सगळे दहाला, प्रयोगशाळेत, आणि वीस मिनिटांत सेंट्रीफ्यूजमध्ये. निरोग्यांपैकी एकाचंच रक्त खिडकीत उभं राहिलं. रक्त उभं ठेवलं की पेशींतलं काही ना काही बाहेर झिरपतं, हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचं पुस्तक सांगतं. मी त्यात पहिली आले होते.

आम्ही आजार मोजलाच नाही. आम्ही वाट बघणं मोजलं. आणि सर्व नळ्यांच्या फॉर्मवर छापलं, साडेनऊ.

धावत सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "हे तू कशावरून म्हणतेस?"

"सतरावरून."

"सतरा बाहेर आहे. तूच फॉर्म दुरुस्त केलास." चष्मा पुसून पुन्हा लावला. "बाहेर काढलेल्या नळीवरून प्रश्न विचारायचे नसतात."

खरं लिहिलं नसतं तर माझ्या हातात पुरावा राहिला असता. या माणसाचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. ते पान फाडावंसं वाटलं, पण मागच्या बाजूला मोजमापं आहेत.

१२ मार्च

आता काही केलं नाही तर वीस तारखेला दोनशे डॉक्टर ही चाचणी खरी मानून घरी जातील. मग कुठे तरी कोणाची नळी खिडकीत राहील आणि एका धडधाकट मुलीला सांगतील, तुला आजार आहे. दुसऱ्याचं रक्त चटकन फिरवतील आणि त्याला सांगतील, तू ठणठणीत आहेस, गोळ्या कशाला?

हे मी मफलरना सांगितलं. म्हटलं, एकच रुग्ण हवा, सरांच्या यादीबाहेरचा. त्याचं रक्त एकाच वेळी दोन नळ्यांत घ्यायचं, एक लगेच फिरवायची, एक कट्ट्यावर ठेवायची. मला वाटलं, आता 'बघू' येणार.

"निरोगीही हवा," ते म्हणाले. "नाही तर सर म्हणतील, रुग्णातच असं होतं. माझं घ्या."

१३ मार्च

बाबांना कसं विचारायचं याची रात्रभर तालीम केली होती, एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. ते किल्लीवर फुंकर मारत होते. मी फॉर्म पुढे केला आणि प्रश्न मोठ्यानं वाचत गेले. वय. वजन. निदान झालेला मानसिक आजार आहे का?

कानस थांबली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, गिऱ्हाईक नवीन असलं की बघतात तसं.

"आहे लिही," म्हणाले. "साल पण लिहू का? तुझ्यापेक्षा मोठा आहे तो. थोरला भाऊ समज."

वॉर्डच्या डॉक्टरांनी फॉर्म पाहून परवानगी दिली. बाबा दहा वाजता आले आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे झाले. सिस्टरच्या औषधांच्या कपाटाचं कुलूप महिनाभर अडकत होतं, त्यांनी सुई टोचायच्या आधी ते खोलून, तेल घालून, परत बसवून दिलं. सिस्टर म्हणाल्या, "तुमची मुलगी आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा काही दुरुस्त झालं."

"ती कानस जरा जोरात मारते," बाबा म्हणाले. "आईवर गेलीय."

शेजारी मफलर बाही वर करून बसले होते, डोळे मिटून. बाबांनी त्यांचा हात धरला. "टोचताना माझ्याकडे बघा. मी आजारी माणूस आहे, माझ्याकडे बघून बरं वाटतं लोकांना." मफलर खरंच हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

दोन नळ्या लगेच फिरवल्या. दोन कट्ट्यावर, साडेतीन तास. सिस्टरनं वेळा लिहिल्या, घड्याळ बघून.

१५ मार्च

मफलर, लगेच फिरवलेली नळी: खाली, निरोग्यांत. कट्ट्यावरची: वर, रुग्णांत.

बाबा, कट्ट्यावरची: वर. लगेच फिरवलेली: खाली. चाळीस निरोग्यांत ठेवली तर सगळ्यात निरोगी.

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे तुमच्या सरांच्या मशीननं मी शहाणा ठरलो?"

"तसं म्हणता येईल."

"तुझ्या आईला सांगू नकोस. पंचवीस वर्षांचा अभ्यास वाया जाईल तिचा."

आई आतून म्हणाली, "मला ऐकू येतंय."

१९ मार्च

टिपण तयार झालं: चार आकडे, रजिस्टरच्या पानाची प्रत, खाली दोन सह्या. मफलरची सही माझ्या वर आहे. त्यांनीच वर केली. म्हणाले, अकरा वर्षं झाली, एखादी तरी वर असावी. प्रती तीन, एक सरांना, एक संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला, एक परिषदेला.

सरांनी आपली प्रत वाचली आणि म्हणाले, "माझं तुझ्याबद्दल फार चांगलं मत होतं." मी म्हटलं, "माझंही होतं, सर." हे मी खरंच म्हटलं की दारातून बाहेर आल्यावर सुचलं, आता नक्की सांगता येत नाही.

दुपारी सूचना लागली. सरांचा घसा बसल्यामुळे उद्याचं भाषण रद्द. घसा बसलेले सर त्या वेळी फोनवर कोणावर तरी ओरडत होते, जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मफलरनी आपला मफलर काढून सरांच्या दाराच्या कडीला अडकवला आणि जेवायला गेले.

सगळे नमुने नव्यानं घ्यायचे, असं समितीनं संध्याकाळी कळवलं. आजाराची खूण रक्तात सापडेल किंवा नाही. मला त्यात ठेवतील किंवा नाही. निदान वेळ तरी खरी लिहितील.

२६ मार्च

कानशीचा आवाज चार दिवस झाले ऐकू येत नाही. बरं वाटलं, घर शांत झालं म्हणून. उत्साह ओसरला असेल, माणूस ताळ्यावर आला, असं मी आईला म्हटलंही.

ती पलंगाखाली बघत होती. मी वाकून पाहिलं. बाबांच्या चपला. दोन्ही, शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून.

"इतक्या नीट कधी ठेवतात का ते?" आई म्हणाली. "मोरीपाशी एक आणि दारात एक असली की मी समजते, सुटलेत. अशा दिसल्या की आठ दिवस. मग भिंत."

"किती वेळा चुकलीस?"

"एकदा. पाहुणे होते, त्यांनी लावून ठेवल्या होत्या."

पंचवीस वर्षांत एक चूक. आमच्याकडे अडतीसच्या अडतीस.

बाबा पलंगावर उठून बसले होते. म्हणाले, "आज दुकान नको वाटतंय. पाठ जरा."

"पाठ नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी वाकून पलंगाखालच्या चपला पुढे ओढल्या. मग म्हणाले, "हं. पाठ नाही."

डॉक्टरांनी अकराची वेळ दिलीय, निघतोच आहोत. त्यांनी चपला पायात घातल्या, आईनं दार उघडलं. प्रयोगशाळेत कळवलं, आज येत नाही. डॉक्टर समोर बसून विचारतील, झोप किती, बडबड किती, केव्हापासून. बाबा म्हणतील, माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

चपला पलंगाखाली दिसल्या, जोडीनं. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. घड्याळ बघून.